भाजी एक, ताटं दोन

वाचकाचं पत्र

मी ४१ वर्षांची, हे ४५. ह्यांना चार वर्षांपासून शुगर आहे, मागचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४ आलं. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, शिवाय बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू आहे. मला थायरॉइडची ५० ची गोळी. ह्यांच्या मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला लो कार्बचा तक्ता आम्ही दोघं २४ दिवसांपासून पाळतोय. दिवसाला २० ग्रॅम कार्ब्स, म्हणजे धान्य-साखरेतली कर्बोदकं. पोळी, भात, वरण बंद. सकाळी अंडी, दुपारी पनीर, रात्री सूप, मध्ये भूक लागली की फल्लीदाणे (शेंगदाणे). ह्यांचं वजन ८८ वरून ८३.६ किलो झालं, माझं ६७ वरून ६५.७. त्यामुळे "तू मनावरच घेत नाहीस" हे रोज ऐकते. ह्यांना ऑफिसात साडेअकराच्या सुमारास घाम येतो, हात थरथरतात. रात्री पायात गोळे येतात. मला पोट साफ होत नाही म्हणून सकाळी गोळीसोबतच इसबगोल घेते. सासूबाई आणि दोन मुलांचा स्वयंपाक वेगळा, आमचा वेगळा. मी थकून गेले. रविवारचे तर्री पोहे सोडायला हे तयार नाहीत. हे सगळं सुरू ठेवायचं का, आणि कसं?

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

सल्ला

ताई, वजनाचं नंतर बघू. आधी तो साडेअकराचा घाम.

तो अशक्तपणा नाही. तुमच्या मिस्टरांची साखर त्या वेळी खाली जात असण्याची दाट शक्यता आहे. एकत्र गोळीतलं मेटफॉर्मिन एकटं असतं तर सहसा असं होत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात पोळी पडो की न पडो. गोळीचा डोस बसवला तेव्हा ते पोळी-भात खात होते. आता ताटातलं धान्य गेलं, डोस मात्र तोच राहिला. सकाळी नुसती अंडी खाऊन गोळी घेतली की दोन-तीन तासांत हेच होणार.

आज करायचं ते असं. डॉक्टरांना फोन करून "कार्ब्स एकदम कमी केले आहेत आणि अकरा-साडेअकराला घाम, थरथर होते" एवढं स्पष्ट सांगा आणि ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, हे विचारा. स्वतःहून गोळी अर्धी करू नका, बंदही करू नका. भेट होईपर्यंत सकाळच्या अंड्यांबरोबर एक पोळी आणि दुपारच्या जेवणात एक पोळी, वाटीभर वरण परत सुरू करा. त्याने तक्ता मोडला तर मोडू द्या. पुढचे सात दिवस ग्लुकोमीटरवर तीन वेळा साखर बघा: सकाळी उपाशीपोटी, साडेअकराला आणि रात्रीच्या जेवणाआधी. ७० च्या खाली आकडा दिसला, किंवा यंत्र जवळ नसताना घाम सुटला, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजूनही कमी असेल तर तेवढीच साखर पुन्हा, आणि सावरल्यावर पोळी किंवा बिस्कीट काहीतरी खायचं. अशा वेळी फल्लीदाणे किंवा चॉकलेट कामाचं नाही. त्यातल्या तेला-तुपाने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. गाडीवर असतील तर गाडी बाजूला लावायची. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये साखरेची पुडी ठेवा आणि शेजारच्या सहकाऱ्यालाही सांगून ठेवा. कोणी बेशुद्ध झालं तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरंही एकदा वाचा. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं काही असेल, तर २० ग्रॅमचा प्रयोग त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांशी बोला. ही औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात. सोबत कार्ब्स अगदी कमी झाले तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि घात असा की मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. तुमच्या पत्रातल्या गोळीत ते नाही, पण आजकाल एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि हाच लेख तुमची शेजारीणही वाचत असेल.

पायातल्या गोळ्यांचं कारण वेगळं. कार्ब्स घटले की इन्सुलिन घटतं आणि मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात, मिठामागे पाणी जातं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली डोकेदुखी, गोळे, गरगरणं हे बहुतेक यातूनच येतं. इंटरनेटवरचे तक्ते यावर 'लो सोडियम मीठ' घ्या म्हणतात. तुमच्या घरात ते चालणार नाही. त्या मिठात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनही रक्तातलं पोटॅशियम वाढवतं; दोन्ही मिळून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. साधं मीठ घातलेलं पातळ ताक दिवसातून दोन पेले, आणि सूप नेहमीइतक्या मिठाचं, एवढंच पुरे. बीपी जास्त असेल तर तेही डॉक्टरांना विचारून. बीपी घरी मोजा, एकदा बसून आणि एकदा उभं राहून दोन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने पडत असेल तर टेल्मिसार्टनचा डोसही बदलायची वेळ आली आहे.

तुमची स्वतःची चूक छोटी आहे, पण रोज होते आहे. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल एकत्र घेतलं की गोळी नीट शोषली जात नाही. गोळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्या. चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. इसबगोल रात्री झोपताना, मोठा पेलाभर पाण्यातून. कॅल्शियम, लोहाची गोळी, सोयाबीनचा पदार्थ यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

आता वजन. तुमच्या मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा. ४५ वर्षांचा, ८८ किलोचा, साधारण पावणेसहा फुटांचा पुरुष बसून काम करत असेल तर त्याचं शरीर दिवसाला २४०० कॅलरींच्या आसपास जाळतं. ४१ वर्षांची, ६७ किलोची, सव्वापाच फुटांची बाई तेवढ्याच धावपळीत १८०० जाळते. तक्त्यात दोघांना एकच ताट आहे. ते १७०० कॅलरींचं धरलं तर त्यांना रोज ७०० ची तूट पडते, तुम्हाला १०० ची. चोवीस दिवसांत त्यांची चरबी दोन-सव्वादोन किलो जाईल, तुमची जेमतेम ३०० ग्रॅम. बाकीचं पाणी. शरीरात यकृत आणि स्नायू मिळून ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. कार्ब्स बंद झाले की हा साठा रिकामा होतो. स्नायू जास्त असलेल्या पुरुषाचं दोनेक किलो पाणी जातं, बाईचं किलोभर. म्हणजे त्यांचे ४.४ आणि तुमचे १.३ हे दोन्ही आकडे अगदी हिशेबात बसतात. मनावर घेण्या-न घेण्याचा इथे संबंधच नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तुमचा काटा किलो-दीड किलो वर जाऊ शकतो, तेही पाणीच.

म्हणून एकाच काट्यावर एकमेकांसमोर उभं राहणं बंद करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, ज्याने त्याने स्वतःचं वजन स्वतःच्या वहीत लिहावं. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या खाली असायला हवा. काटा अडून बसतो तेव्हाही घेर कमी होत असतो.

दिवसाला २० ग्रॅमवर राहायची तुम्हा दोघांनाही गरज नाही. १३० ग्रॅमच्या खाली आलं की वैद्यकशास्त्र त्याला लो कार्बच म्हणतं. आपल्याकडे सर्वसाधारण ताटातल्या साठ टक्क्यांहून जास्त कॅलरी धान्य आणि साखरेतून येतात. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाच्या २०२२ मधल्या अभ्यासात नव्याने निदान झालेला मधुमेह आटोक्यात आणण्यासाठी कार्ब्सचा वाटा ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनांचा १९-२० टक्क्यांवर आणावा, असं गणित मांडलं होतं. म्हणजे पहिला मोठा फायदा टोकाला न जाताच मिळतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ जणांना वर्षभर लो कार्ब आणि लो फॅट अशा दोन गटांत ठेवलं होतं. २०१८ मध्ये निकाल आला तो सरासरी ६ किलो विरुद्ध ५.३ किलो असा, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. आणि दोन्ही गटांत काहींचं भरपूर उतरलं, तर काहींचं उलट वाढलं. एका ताटात जेवणाऱ्या दोघांचं वजन सारखं उतरावं ही अपेक्षाच फसवी आहे. आमच्या मते तुमच्या घरासाठी मधला आकडा बरा: त्यांना ११५ ग्रॅमच्या आसपास, तुम्हाला ९५ च्या. यात पोळी राहते, वरण राहतं आणि सासूबाईही राहतात.

त्यासाठी एक छोटा डिजिटल काटा घ्या आणि फक्त पहिले पंधरा दिवस वापरा. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कार्ब्स असतात. शंभर ग्रॅम कणकेला साठेक मिलिलिटर पाणी लागतं, म्हणून तुमच्या दोघांच्या वाट्याचे गोळे ४८ ग्रॅमचे करायचे. आपली नेहमीची पोळी बहुतेक ४० ग्रॅम कणकेची असते, आणि "दोनच खाल्ल्या" म्हणताना ताटात ५० हून जास्त ग्रॅम येऊन गेलेले असतात. ज्वारीची भाकरी चालते, या समजुतीने बरेच जण फसतात. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे ४० ग्रॅम, दोन छोट्या पोळ्यांएवढी. भात ५० ग्रॅम तांदळाचा शिजून १५० ग्रॅम होतो, कार्ब्स ३९. घट्ट वरणाची वाटी, ३० ग्रॅम डाळीची, १७ ग्रॅम देते, पण सोबत साडेसहा ग्रॅम प्रथिनंही. ती बंद करणं हा तक्त्यातला सगळ्यात वाईट सल्ला. बेसनाला लोक शून्यात धरतात. ३० ग्रॅम बेसनाच्या चुनात (पिठल्यात) १५ ग्रॅम कार्ब्स असतातच, पाटोडी-रश्श्याच्या ताटात २५. म्हणून चून केलं त्या दिवशी वरण नको. चुनासोबत भाकर मात्र अर्धीच.

घरोघरी खरी गडबड वेगळीच होते. पोळी ताटातून काढतात आणि तिच्या जागी काहीच ठेवत नाहीत, किंवा मूठ-मूठ दाणे ठेवतात. शंभर ग्रॅम फल्लीदाण्यांत ५६७ कॅलरी आहेत. टीव्हीसमोर दोन मुठी गेल्या की तुमची दिवसाची सगळी तूट भरून निघाली. पोळीच्या जागी प्रथिनं आणि भाजी यायला हवी. त्यांना दिवसाला ८० ग्रॅम प्रथिनं, तुम्हाला ६५. (मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हे आकडे डॉक्टर ठरवतील.) एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ३० ग्रॅम कोरड्या सोयावडीत १५, १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये २१-२२. दह्याची वाटी पाचाच्या आसपास.

दिवस असा बसतो. सकाळी बिनसाखरेचा चहा, त्यांना तीन अंडी, तुम्हाला दोन, सोबत पालक किंवा मेथी परतून. (त्यांच्या गोळीचा डोस बदलेपर्यंत यात ती पोळी आहेच.) दुपारी दोघांना दीड-दोन वाट्या भाजी, वाटी घट्ट वरण, वाटी दही, एक पोळी. चार वाजता त्यांना २५ ग्रॅम दाणे, तुम्हाला पेलाभर ताक. रात्री पनीर (त्यांना १००, तुम्हाला ६० ग्रॅम) किंवा सोयावडी, पुन्हा भाजी, आणि पोळी फक्त त्यांना. फोडणीचं तेल मोजून घाला. एका लहान चमच्यात ४५ कॅलरी असतात, आणि त्यांच्या वाट्याला तुमच्यापेक्षा दोन चमचे जास्त गेले तरी चालतं. असं धरून त्यांचं ताट १८५०-१९०० कॅलरींचं, तुमचं १३५०-१४०० चं होतं. भाजी मात्र एकाच कढईतली.

सासूबाई आणि मुलंही त्याच कढईतलं खातील. त्यांच्या पोळ्या आणि भात नेहमीसारखा. वाढत्या मुलांना या प्रकारात ओढू नका, सत्तरीच्या बाईंनाही नाही. पोळ्या सासूबाई करत असतील तर त्यांनाच करू द्या, फक्त तुमचे तीन गोळे काट्यावर ठेवून बाजूला काढून द्या. पोळीशिवाय जेवण असतं का, या प्रश्नाला पोळी हेच उत्तर झालं की वाद उरत नाही.

सोयावडी बहुतेक घरांत एकदा होते आणि वास येतो म्हणून कायमची बंद पडते. वास राहतो तो पिळणं अपुरं पडल्याने. ६० ग्रॅम वड्या चिमूटभर मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, निथळा, थंड पाण्यात घालून दोन्ही तळव्यांमध्ये घट्ट दाबून पिळा. पाणी बदलून पुन्हा एकदा. फेस येणं थांबलं की झालं. मग चमचाभर तेलात कडा तांबूस होईपर्यंत परता आणि त्यानंतरच रश्श्यात घाला. न परतता टाकल्या तर स्पंजासारख्या लागतात. सावजी मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस घालून केलेल्या रश्श्यात या वड्या उत्तम मुरतात. वरून सांबार (कोथिंबीर) भरपूर. मात्र थायरॉइडच्या गोळीमुळे हा पदार्थ तुमच्यासाठी दुपार-रात्रीचाच.

भात सुटत नसेल तर अर्धा भात, अर्धी फुलकोबी करा. ४०० ग्रॅम फुलकोबी आधी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा, मग किसा. पसरट कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता. झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी. झाकण किंवा मीठ आधी पडलं की पाणी सुटतं, लगदा होतो आणि गंधकासारखा वास येतो. मग "हे काय रुग्णांचं जेवण" सुरू होतं. ५० ग्रॅम तांदळाचा मोकळा भात त्यात मिसळला की दोघांना पोटभर होतं, प्रत्येकी कार्ब्स २५ च्या आत. वडाभाताचे वडे यावर कुस्करले तर चालतं, पण वडा डाळीचाच आहे हे लक्षात ठेवून एक.

तुमच्या पोटाची तक्रार सूप आणि पनीरवर राहिल्याने आहे. रोज ४०० ग्रॅम भाजी पोटात गेली पाहिजे. हिवाळ्यात हे सोपं आहे: कॉटन मार्केटात आणि गोकुळपेठेत या दिवसांत पालक, मेथी, हरभऱ्याची भाजी, फुलकोबी, पत्ताकोबी, भरताची वांगी यांचे ढीग असतात. आलू, मटार, बीट मोजून. बाकी भाज्यांना मोजायची गरज नाही. सोबत जवसाची चटणी. १०० ग्रॅम जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, पूर्ण गार करायचे, सात-आठ सुक्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ घालून थांबत थांबत फिरवायचं. गरम असताना किंवा एका दमात फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. जवसात शंभराला २७ ग्रॅम चोथा असतो, म्हणून दोन्ही जेवणांत दोन-दोन लहान चमचे, पण पाणी वाढवूनच. कोरड्या चोथ्याने बद्धकोष्ठता उलट वाढते. जवसाचं तेल लवकर खवट होतं, तेव्हा चटणी थोडी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

तर्री पोह्यांचा हिशेब. एका प्लेटमध्ये ६० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर ४६ ग्रॅम कार्ब्स, तर्रीतले चणे १०-१५, वरचा चिवडा-शेव, आणि दोन चमचे साखरेचा चहा. सगळं मिळून ७० च्या घरात, म्हणजे त्यांच्या दिवसाच्या निम्म्याहून जास्त. सोडायची गरज नाही. घरून दोन उकडलेली अंडी खाऊन निघायचं, पोहे अर्धी प्लेट, चणे मात्र पूर्ण, चिवडा नको, चहा बिनसाखरेचा, आणि त्या दिवशी दुपारी पोळी नाही. अर्ध्या प्लेटची भीड वाटते म्हणतील. दोघांनी एक प्लेट घ्या, भीड निम्मी होते. सावजी जेवणात कार्ब्सचा धोका रश्श्यात नसतो, सोबतच्या रोट्यांत आणि भातात असतो. रश्श्यावरची तर्री बाजूला करून मटण खावं. संत्रं एक, सोलून, जेवणानंतर: १२ ते १५ ग्रॅम. रसाच्या ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा टाकून दिला जातो, तेव्हा रस नको. संत्रा बर्फीबद्दल विचारलं नाहीत, बरं केलंत.

चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे एका ताटात ६५ ग्रॅम, आलू वेगळा. भगरही धान्यासारखीच. उपास धरायचाच असेल तर दही, पनीर, थोडे दाणे आणि फळ; आणि ग्लिमेपिराइड सुरू आहे तोवर तुमच्या मिस्टरांनी उपास धरू नये.

एप्रिल ते जूनमध्ये या बदलाला नव्याने हात घालू नका. पारा ४५ वर असताना घामातून मीठ-पाणी जातं, वर कार्ब्स कमी, वर टेल्मिसार्टन. चक्कर येते आणि क्रिएटिनिनही वाढू शकतं. आता सुरू करून मार्चपर्यंत अंगवळणी पडलं तर उन्हाळ्यात पाणी आणि ताक वाढवून निभावतं. ताप, उलट्या-जुलाब झाले की लो कार्ब थांबवायचं, पेज-वरणभात सुरू करायचा आणि त्या दिवसांत मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारायचं.

वेग आठवड्याला अर्धा किलो पुरे. दीड किलोच्या पुढे उतरत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. दिवस राहावेत असा विचार असेल, किंवा राहिले असतील, तर तुम्ही हे करू नका.

तपासण्या: आत्ता क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन आणि लिपिड प्रोफाइल, तीन महिन्यांनी हेच, शिवाय त्यांचं एचबीएवनसी. ट्रायग्लिसराइड बहुतेक उतरतील. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काहींचं वाढतं, विशेषतः तूप, लोणी, पनीर सढळ झालं तर. वाढलं तर पनीर निम्मं करून त्या जागी सोया, डाळ, दाणे आणायचे. अजून एक गोष्ट विदर्भात मुद्दाम विचारावी लागते: तुमच्या किंवा त्यांच्या घरात कुणाला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे का? असेल, नुसता वाहक असला तरी, एचबीएवनसीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. लोह कमी असलं तरीही. तसं असल्यास लॅबला आधी सांगा आणि निर्णय मीटरच्या नोंदींवर घ्या. प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्याने तर हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करूच नये, कारण अंगातलं पाणी कमी झालं की त्रास उसळतो.

डॉक्टरांकडे जाताना सात दिवसांच्या साखरेची वही, बीपीचे बसून-उभं राहूनचे आकडे आणि दोघांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा. व्हॉट्सअ‍ॅपचा तक्ताही दाखवा. त्यात २० ग्रॅम लिहिलंय आणि ते २४ दिवस चाललं, हे कळल्याशिवाय डोस नीट बसवता येणार नाही.